जहाजाच्या पाळण्याखाली

एकाहत्तरची लढाई संपली होती, पण नगरमध्ये कित्येक खिडक्यांच्या काचांवर ब्लॅकआउटचे काळे कागद तसेच चिकटलेले होते आणि अनोळखी माणसाकडे बघायची लोकांची नजरही तशीच राहिली होती. त्यात मी तरुण, एकटा, काखेत नकाशांची गुंडाळी, सावेडीत भाड्याच्या खोलीत राहणारा आणि रोज सकाळी सायकलवरून भिंगारकडे, म्हणजे थेट लष्कराच्या छावणीच्या दिशेने जाणारा. घरमालकांनी विचारलं, "तुम्ही नक्की करता काय?" मी खरं ते सांगितलं. जहाजं उचलायच्या लिफ्टचं काम बघतो, म्हटलं. त्यांनी मान डोलावली आणि तेव्हापासून माझी पत्रं जरा उशिराच माझ्या हाती पडू लागली.

त्यांना तरी काय बोलणार? दुष्काळाने सीना नदीत तेव्हा म्हशीला डुंबण्याइतकंही पाणी नव्हतं. अशा गावात जहाजाचं नाव काढणारा माणूस एक तर वेडा असणार नाहीतर हेर.

पण काम खरंच होतं. दूरच्या एका बंदरात मोठी लिफ्ट बसणार होती. पाण्याखाली लोखंडी तुळयांचा भला थोरला पाळणा ठेवायचा, जहाज त्यावर येऊन बसलं की दोन्ही काठांवरच्या यंत्रांनी वायररोप ओढून पाळणा जहाजासकट सरळ वर घ्यायचा आणि खालून दुरुस्ती करायची. त्यातल्या काही तुळया भिंगारजवळच्या एका कारखान्यात बनत होत्या. एरवी तिथे साखर कारखान्यांसाठी ऊस चरकापर्यंत वाहून नेणारे कॅरियर बनायचे. मी गिऱ्हाइकाचा तपासनीस. मी मुळातच दुधवाल्याच्या मापाकडे वाकून बघणारा माणूस, त्यामुळे संशय घ्यायचा पगार मिळतो याचं मला मनातून फार बरं वाटायचं.

माझा सगळ्यात जास्त संशय चाचांवर होता. चाचा म्हणजे तिथले हेडमिस्त्री, राहणारे भिंगारचेच. वेल्डिंगच्या ठिणग्यांनी त्यांच्या टोपीला बारीक भोकं पडली होती. माणूस गोड बोलायचा, आणि गोड बोलणाऱ्यांचं मला कधी पटत नाही. दोन तुळयांना जोडणारे सांधे तयार झाल्यावर त्यांनी ते गोणपाटात गुंडाळले. मी जवळ गेलो की म्हणायचे, "रंग वला हाय साहेब, हात नका लावू." रंग इतके दिवस ओला राहतो? माझ्या मनात पाल चुकचुकली. पत्र्याला तडा गेला असणार आणि म्हातारा तो झाकतोय, अशी माझी खात्री होत चालली.

कारखान्याची एक रीत होती, मालकांच्या वडिलांच्या वेळेपासूनची. कामावर वजन टाकून बघायच्या वेळी ज्याने ते केलं तो मिस्त्री त्याच्याखाली जाऊन उभा राहायचा. चाचा प्रत्येक वेळी उभे राहिले होते. मला ही रीत मूर्खपणाची वाटायची आणि मी तसं बोलूनही दाखवलं होतं. मालक नुसते हसले.

चाचणीच्या दिवशी तुळया जोडून वायररोपच्या जागी जॅकवर चढवल्या. वजनासाठी टाक्यांत पाणी भरायचं ठरलं होतं, पण त्या दुष्काळात पाणी कुठल्या तोंडाने मागणार? मग दुष्काळी कामावर फोडलेल्या खडीची पोती वर रचली. एक वायररोप ढिला पडला तर काय होईल हे बघायला मधल्या तुळईचा जॅक मुद्दाम खाली घ्यायचा होता. चाचा टोपी सारखी करून खाली शिरले. गोणपाट अजून सांध्यांवरच होतं.

"थांबा! चाचा, बाहेर या. आधी ते गोणपाट काढा."

कुणी हलेना. शेवटी मीच ओढून काढलं. तडा नव्हता. सांध्यातल्या पिनांसाठी नकाशात मुद्दाम लांबट ठेवलेली भोकं वेल्डिंगने भरून, घासून गुळगुळीत केली होती.

"पिना खडाखडा वाजत हुत्या साहेब," चाचा हळूच म्हणाले. "नकाशात चूक झालीय तुमची. चारचौघांत बोललो असतो तर तुमची शरम झाली असती. म्हनून गुपचूप भरून घेतलं."

मला राग आला आणि गहिवरूनही आलं. म्हटलं, "चाचा, खडबडीत जमिनीवर बाज ठेवली तर चारही पाय टेकतात, कारण तिचे सांधे सैल असतात. एक तुळई खाली गेली तर तिने शेजारणीला ओढायला नको, म्हणून ती भोकं लांबट ठेवली होती."

"बाजंवर मानूस झोपतो साहेब. जहाज न्हाई."

मालक म्हणाले, "झालं ते मजबूतच झालंय की." मी ऐकलं नाही. खाली कुणीही थांबायचं नाही, असं सांगून जॅक उतरवायला लावला. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग तोफ सुटावी तसा आवाज झाला, सांधा फाटला आणि तुळई खालच्या लाकडी ओंडक्यांवर आदळली. चाचा जिथे उभे राहणार होते, तिथेच.

सांधे नव्याने केले, लांबट भोकांचे. चाचांनी नकाशाबरहुकूम सगळं केलं, पण माझ्याशी बोलणं टाकलं. "माझं वेल्ड कच्चं ऱ्हायलं असंल," एवढंच इतरांना सांगत. माझ्याकडे ते आता तसेच बघायचे, जसा मी त्यांच्याकडे बघत आलो होतो.

पुन्हा चाचणी लागली. पोती रचून झाली तरी चाचा बाजूला बसून राहिले.

"हे काम माझं न्हाई," सगळ्यांसमोर म्हणाले. "ढिलं काम मी करत न्हाई. हे साहेबांचं हाय. त्यांनी ऱ्हावं उभं."

सगळे माझ्याकडे बघू लागले. रीत मूर्खपणाची आहे हे मी पुन्हा सांगू शकलो असतो. माझी आकडेमोड मला पाठ होती. तरी खाली शिरताना जन्मात पहिल्यांदा संशय घ्यायला माझ्यासमोर माझ्याशिवाय दुसरं कुणी नव्हतं. जॅक उतरू लागला. डोक्यावर पिना खडखडल्या, खडीची धूळ मानेवर पडली. मी डोळे मिटून घेतले.

खांद्याला खांदा लागला म्हणून उघडले, तर शेजारी चाचा उभे होते, टोपी सारखी करून, वर बघत.

"बसला का विश्वास?" मी विचारलं.

"न्हाई," ते म्हणाले. "पर तुमाला एकट्याला कसं उभं करू?"