न झालेली पृथ्वीप्रदक्षिणा: जळगावहून धुळ्याला जाताना

थंडीत खानदेशात जायला वेगळं कारण लागत नाही, भरीत पुरतं. या खेपेला मात्र मला साक्ष द्यायला बोलावलं होतं.

माझी थोरली बहीण, अक्का, धुळ्याच्या अलीकडे एका गावात राहते. तिचा मुलगा नीलेश अमेरिकेत इंजिनिअर आहे. कॉलेजात असताना त्याने एकदा जेवता जेवता जाहीर केलं, की मी अंतराळात जाणार. दुसऱ्या कुठल्याही आईने त्याला आधी ताटातलं संपव म्हटलं असतं. अक्काने देवीला नवस बोलला: पोरगा पृथ्वीला फेरी मारून सुखरूप घरी येत नाही तोवर वांगं तोंडात घालणार नाही. बाहेरच्या वाचकांसाठी सांगते, आमच्याकडे हिवाळ्यात सोयरीक, बारसं, निवडणूक आणि भाऊबंदकीतला समेट, सगळं भरतावर होतं. अशा प्रत्येक पंगतीत अक्का ठेचा-भाकरी घेऊन एका कडेला बसलेली मी वर्षानुवर्षं पाहत आले आहे.

आणि नीलेश खरोखरच जाऊन आला. तिकडच्या एका खासगी यानात सोडतीने त्याला जागा मिळाली. नातेवाईक म्हणाले, नवस फिटला. अक्काने ते उड्डाण टीव्हीवर पाहिलं होतं. चहाचं आधण ठेवलं तेव्हा यान वर गेलं आणि चहा गाळून होईपर्यंत खाली आलं. एवढ्यात फेरी कशी होईल, असा तिचा प्रश्न होता, आणि तो योग्यच होता. तिने मला फोन केला. मी जळगावच्या कॉलेजातून भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले त्याला पुष्कळ वर्षं झाली, पण पृथ्वीचं गुरुत्वाकर्षण त्यानंतर बदललेलं नाही. शिवाय मी कुणाला बरं वाटावं म्हणून बोलत नाही, हे अक्काला माहीत आहे.

पहिला दिवस: जळगाव

नाशिकहून सकाळची गाडी धरली की दुपारच्या जेवणाला जळगाव गाठता येतं. स्टेशनबाहेर रिक्षात बसण्याआधी भाडं ठरवून घ्यावं. नंतर वाद घालण्यात दोघांचाही वेळ जातो. नीलेश आदल्या दिवशीच पोहोचला होता. संध्याकाळी त्याच्या शाळेतल्या मित्रांनी सत्कार ठेवला होता.

मंडपाच्या दारात एक रॉकेट उभं होतं. जळगावात पाइपांचा धंदा मोठा, त्यामुळे रॉकेट पीव्हीसी पाइपांचं होतं आणि खाली ठिबकच्या काळ्या नळ्यांची वेटोळी करून धूर केला होता. वर फलक: 'पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण करून आलेले आपले नीलेशभाऊ'. मी संयोजकांना म्हटलं, प्रदक्षिणा झालेली नाही, हा शब्द काढा. ते म्हणाले, मावशी, आता नवा फलक कुठून आणायचा. मग त्यांनी तेवढ्या शब्दावर वर्तमानपत्र चिकटवलं. आता फलक असा झाला, की नीलेशभाऊ पृथ्वी पूर्ण करून आले आहेत. त्यावर टाळ्या अधिकच पडल्या.

प्रश्नोत्तरं झाली. वरून जळगाव दिसलं का, असं एकाने विचारलं. नीलेश म्हणाला, यान अमेरिकेतून सरळ वर गेलं होतं, जळगाव पृथ्वीच्या दुसऱ्या अंगाला होतं. मंडप नाराज झाला. मग डाळमिल चालवणाऱ्या एका गृहस्थांनी विचारलं, की तिथे वजन नाहीसं होतं, तर डाळ वर नेऊन मोजली तर काय येईल. मी त्यांच्याकडे पाहिल्यावर ते बसले.

निघताना रॉकेट आम्हाला भेट देण्यात आलं. नको म्हणण्याची सोय नव्हती, कारण तोवर ते आमच्या गाडीच्या टपावर बांधून झालं होतं.

दुसरा दिवस: रस्ता

गाडी सलीमभाईंची. ते जळगावातच राहतात, लग्नाच्या हंगामात वऱ्हाडं नेतात आणि एरवी आमच्यासारख्यांना. मी मागे बसले, नीलेशला पुढे बसवलं, कारण पाळधी येण्याआधीच त्याचा चेहरा उतरला होता. ज्यांना गाडी लागते त्यांनी पुढेच बसावं, खिडकी उघडी ठेवावी आणि मोबाइल बघू नये. नीलेशने यातलं पहिलंच पाळलं. एरंडोलच्या अलीकडे सलीमभाईंना गाडी बाजूला घ्यावी लागली. अंतराळवीर पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, शेताकडे तोंड करून बराच वेळ वाकून उभा होता. सलीमभाईंनी आधी त्याच्याकडे आणि मग टपावरच्या रॉकेटकडे पाहिलं.

"ताई, ये वर गेला तेव्हा काय केलं असेल याने?"

मी म्हटलं, तेव्हा खड्डे नव्हते.

एरंडोलला एका धाब्यावर जेवलो. शेवभाजी झणझणीत होती, तेल वर तरंगत होतं, सोबत ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. दोन माणसांनी पोटभर जेवूनही शहरातल्या एका कॉफीइतकं बिल होत नाही. नीलेशने ताक घेतलं. तिथे मी त्याला विचारलं, की नेमका किती वर गेला होतास. शंभर किलोमीटरच्या थोडं वर, तो म्हणाला. मी हिशेब केला. जळगावहून धुळे जेवढं लांब, जवळपास तेवढंच वर. अंतराळ धुळ्याइतकं जवळ आहे आणि रस्ता बराच बरा आहे.

वाचकांनी इथे गोंधळ करू नये म्हणून सांगून टाकते. वर जाणं आणि फिरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नीलेशचं यान आवाजाच्या तिप्पट वेगाने सरळ वर गेलं, माथ्यावर तीन-चार मिनिटं सगळे तरंगले, आणि वर फेकलेला चेंडू येतो तसं खाली आलं. याला उपकक्षीय उड्डाण म्हणतात. पृथ्वीभोवती फिरायचं तर आडवा वेग लागतो, तासाला अठ्ठावीस हजार किलोमीटर. त्या वेगाने जळगावहून धुळे गाठायला बारा सेकंद पुरतात आणि पृथ्वीची फेरी दीड तासात होते. तरंगणं दोन्हीकडे सारखंच, कारण दोन्हीकडे माणूस पडतच असतो. फरक इतकाच, की एक जण जमिनीवर येतो आणि दुसरा पडता पडता जमीन चुकवत राहतो.

हे नीलेशला मी सांगायची गरज नव्हती. त्याची अडचण वेगळी होती, आणि ती त्याने ताकाचा पेला संपल्यावर सांगितली. पृथ्वीभोवती फिरणाऱ्या मोहिमेच्या निवडीसाठी त्याने नाव दिलं होतं. नाव पुढे सरकलं होतं. अमेरिकेत परतल्यावर होकार कळवायचा होता.

"मावशी, तू आईला हो म्हण. फेरी झाली म्हण. नाहीतर मला जावं लागेल."

जायचं नाही का, मी विचारलं. तो म्हणाला, वर खिडकीतून सगळे पृथ्वी बघत होते तेव्हा मी सीटची पट्टी धरून बसलो होतो. तिथे काय वाटलं असं सगळे विचारतात. घरी जावंसं वाटलं. पण आईने माझ्यापायी इतकी वर्षं वांगं सोडलंय, तिला अर्ध्यावर कसं सोडू?

मी त्याला सांगितलं, की मी खोटं बोलणार नाही. तो म्हणाला, माहीत आहे. पुढे टोलनाक्यावर, टपावर काय आहे या प्रश्नाला सलीमभाईंनी रॉकेट असं खरं उत्तर दिलं आणि नाक्यावरच्यांनी आम्हाला बाजूला उभं केलं. शेवटी ठिबकचं सामान म्हटल्यावर सोडलं.

दुसरा दिवस, दुपार: अक्काचं गाव

गावात मावंद्याची तयारी झाली होती. यात्रा करून आलेल्याने गावाला जेवण घालायचं, ते मावंदं. अंगणात काट्या-पऱ्हाट्यांचा जाळ होता आणि बाजूला फिकट हिरव्या, बाळाच्या डोक्याएवढ्या वांग्यांचा ढीग. पण जाळात एकही वांगं गेलं नव्हतं, कारण नानांनी हात थांबवला होता.

नाना म्हणजे अक्काचे दीर. गावात मावंद्याचे नियम त्यांच्याकडे असतात. नियम असा, की फेरी पुरी करून आला त्याचंच मावंदं. वाटेतून परतला त्याच्या पंगतीला कुणी बसत नाही. याला दाखला होता. भिकाआबा काही वर्षांपूर्वी नर्मदा परिक्रमेला निघाले आणि गुडघा सुजला म्हणून अर्ध्यातून बसने परत आले. त्यांनी घातलेल्या मावंद्याला गाव गेलं नव्हतं, आणि केलेली बुंदी त्यांच्या घरात आठवडाभर पुरली होती. आता भिकाआबा ओट्यावर काठी आपटत म्हणत होते: वर जाऊन खाली येणाऱ्याचं मावंदं होत असेल तर माझंही झालं पाहिजे. मी तर पायी गेलो, हा बसून गेला.

एकाने सुचवलं, की गणपतीने आईबापाला फेरी मारली ती पृथ्वीप्रदक्षिणा झाली, तसं नीलेशने अक्काभोवती फिरावं आणि विषय संपवावा. नीलेश उठलासुद्धा. अक्काने त्याला बस म्हटलं. गणपतीने ती पळवाट शर्यत जिंकण्यासाठी काढली होती, असं तिचं म्हणणं पडलं, आणि इथे कुणाशी शर्यत नव्हती.

मग तिने मला आमच्या अहिराणीत विचारलं, "तो फेरी मारीसन उना का नही, इतलंच सांग."

मी नाही म्हणाले. आणि नुसतं नाही म्हणून भागणार नव्हतं, कारण नानांना नियमासाठी कारण हवं होतं. मी एक वांगं उचललं आणि सरळ वर फेकलं. ते खाली आलं. हा नीलेश, मी म्हटलं. दुसरं आडवं फेकलं, ते गोठ्यापाशी पडलं. अजून जोराने फेकलं तर अजून लांब पडेल. इतक्या जोराने फेकलं, की पडता पडता जमीनच खालून वाकत गेली, तर ते पडणारच नाही, फिरत राहील. तसं फिरणं म्हणजे फेरी.

इथे माझी एक चूक झाली. हे नुसतं सांगायला हवं होतं, करून दाखवायला नको होतं. गावातल्या क्रिकेट टीमची पोरं तोवर वांगी घेऊन घराच्या धाब्यावर, म्हणजे सपाट छतावर, चढली होती. पहिलं वांगं शेजारच्या पत्र्यावर पडलं, दुसरं देवळापलीकडे गेलं. तिसरं कुठे पडलं ते कुणी पाहिलं नाही, त्यामुळे ते फिरत आहे असा दावा करण्यात आला, आणि काही जण पूर्वेकडे तोंड करून त्याची वाट पाहू लागले. ढीग अर्ध्यावर आला तेव्हा नानांनी सगळ्यांना खाली उतरवलं.

अक्का यातलं काही बघत नव्हती. ती माझ्या बोलण्यापाशीच थांबली होती.

"म्हणजे फेरी मारस तो पडतच राहस?"

हो, मी म्हटलं.

"आनि खाले कव्हय येस?"

वेग कमी केल्यावर, मी म्हटलं. आणि येताना यान बाहेरून निखाऱ्यासारखं तापतं. तेही सांगितलं, कारण ते खरं आहे. अक्काने जाळाकडे पाहिलं, मग नीलेशकडे. त्याने मान खाली घातली होती. ताकाचा पेला संपल्यावर तो मला जे बोलला होता त्यातलं मी तिला काही सांगितलं नव्हतं. ती त्याच्याजवळ गेली आणि त्याच्या सदऱ्याची कॉलर नीट केली. चाळिशीच्या माणसाची.

"माले आते वांगं नको," ती म्हणाली, "आनि याले ती फेरी नको. घर उना, तेच बठ्ठं काही."

नीलेश म्हणाला, आई, तुझा नवस राहतो. राहू दे, ती म्हणाली. वांगं न खाऊन मी काही वाळले नाही. देवीला मी सांगेन, की फेरी झाली नाही म्हणून मी खाल्लं नाही. हिशोबाला देवी पक्की आहे. तो तिच्या खांद्यावर डोकं ठेवून उभा राहिला. गाव आजूबाजूला बघू लागलं.

नानांनी निकाल दिला. मावंदं नाही. पण वांगी आणली आहेत, जाळ पेटला आहे, तर भरीत होईल, आणि पंगतीत मानाच्या जागी अर्ध्यातून आलेले दोघे शेजारी बसतील. भिकाआबांना हार घालून, टपावरून उतरवून उभ्या केलेल्या पीव्हीसी रॉकेटखाली नीलेशच्या बाजूला बसवलं. त्यांनी नीलेशला विचारलं, गुडघा दुखला होता का. नाही म्हटल्यावर त्यांनी जरा तुच्छतेने पाहिलं. पुढे मात्र दोघे बराच वेळ बोलत होते.

परत नाशिक

जाणार असाल तर थंडीत जा. उन्हाळ्यात खानदेशात जाऊ नका, त्यात शौर्य नाही. आपली गाडी असेल तर टप रिकामा ठेवा. गावात कुणी भरताला बोलावलं तर जा, आणि गुरुत्वाकर्षण समजावायची वेळ आली तर लिंबू वापरा.

नीलेशने अमेरिकेला पोहोचल्यावर निवडीतून नाव काढून घेतलं, असं त्याने मला कळवलं. काय कारण दिलंस, मी विचारलं. घरगुती, तो म्हणाला. सत्काराचे फोटो मित्रांनी पाठवले, त्यात मी फलकाकडे बोट दाखवत उभी आहे. नीलेश पृथ्वीभोवती फिरला नाही ही गोष्ट मला अजूनही कुणी विचारलं तर मी स्पष्ट सांगते, आणि ती सांगताना पूर्वीसारखं कुणाचं काही कमी केल्यासारखं वाटत नाही.

निघताना अक्काने भरताचा डबा बांधून दिला होता. घरी आल्यावर भाकरी टाकली आणि जेवायला बसले तोच तिचा फोन आला. पोहोचलीस का, मग प्रवास कसा झाला, मग गॅसचा भाव. मग म्हणाली, भरतात मीठ बरोबर शे का, मी काही चाखलं नाही.

"कमी आहे," मी म्हणाले.

"मंग टाकी ले," अक्का म्हणाली.