मध्यंतरापर्यंतचा राजवाडा

"सगळ्या सोसायटीसमोर माझी इज्जत काढलीस, आणि वर मलाच विचारतेस, मी काय केलं?" ईश्वर पेडणेकरांनी अंगातला ब्लेझर काढून सोफ्यावर फेकला.

"सगळी सोसायटी कुठली? पंचेचाळीस खुर्च्या होत्या. त्यातल्या मागच्या दोन रांगा समोशांसाठी आलेल्या." गिरिजाबाईंनी ब्लेझर उचलून झटकला आणि खुर्चीच्या पाठीवर नीट घातला. भांडण चालू असलं तरी चुरगळलेला कपडा त्यांना बघवत नाही.

"विषय बदलू नकोस. भूपेशभाईंनी प्रश्न मला विचारला होता. तुला नाही."

"तुम्ही उत्तर चुकीचं दिलंत."

"चुकीचं नव्हतं. थोडं ढोबळ होतं."

"आई, पप्पा," सून स्वप्नाली खिडकीशी जाऊन म्हणाली, "काच लावते हां. बी विंगवाल्यांनी टीव्ही बंद केलाय."

झालं होतं ते एवढंच. रविवार सकाळ, भाईंदर पश्चिमेच्या त्यांच्या सोसायटीचा हॉल, ज्येष्ठ नागरिक कट्ट्याचा कार्यक्रम. विषय: 'राजवाड्यातील एक संगीतसंध्या'. वक्ते: श्री. ईश्वर पेडणेकर, वीज कंपनीतून निवृत्त, मे महिन्यात युरोप करून आलेले. पडद्यावर चाळीस फोटो. त्यातल्या एकतीस फोटोंत व्हिएन्नाचा राजवाडा पेडणेकरांच्या मागे उभा होता. पेडणेकरांनी झुंबरं सांगितली, छतावरची चित्रं सांगितली, पाश्चात्त्य लोक खोकतानासुद्धा शिस्तीत कसे खोकतात ते सांगितलं. शेवटी तिसऱ्या मजल्यावरचे भूपेशभाई उठून म्हणाले, "ईश्वरभाई, वो सब ठीक है. एंडिंग में क्या बजाया?"

"एंडिंग का तो क्या बोलूँ भूपेशभाई!" पेडणेकरांनी दोन्ही हात पसरले. "पूरा हॉल खड़ा हो गया!"

तेव्हा दुसऱ्या रांगेतून गिरिजाबाईंचा आवाज आला. आवाजात राग नव्हता. पोस्टाच्या खिडकीत बसून त्या 'पिनकोड राहिला' असं सांगत, तसाच होता. "हॉल खड़ा हुआ, क्योंकि इंटरवल हुआ. उसके बाद हम लोग खाना खाने चले गए."

समोसे त्यानंतर फार शांततेत संपले.

गिरिजाबाईंना अर्ध्यावरून उठायची सवय आहे, असं घरातले सगळे मानतात. मानायला जागाही आहे. परळहून लग्नानंतर त्या भाईंदरला आल्या, तेव्हा इथे पाणी एक दिवसाआड यायचं, तेही तासभर. मग कुणाच्याही लग्नात शेवटची मंगलाष्टका चालू झाली की गिरिजाबाई मूठभर अक्षता एकदमच टाकून रिक्षा पकडायच्या. गळ्यात हार पडलेले वधूवर त्यांनी बहुतेक अल्बममध्येच पाहिले. नाटकाच्या तिसऱ्या अंकात सासूबाईंच्या गोळीची वेळ व्हायची. सिनेमात मध्यंतरानंतर लहानगा मुलगा, अभिनव, रडायचा आणि त्याला खांद्यावर घेऊन त्या बाहेर पुढच्या आठवड्याची पोस्टरं बघत फिरायच्या. परतताना विचारायच्या, "काय झालं हो शेवटी?" पेडणेकर म्हणायचे, "लग्न झालं." एका सिनेमात नायक पहिल्याच अर्ध्या तासात मेला होता. तरी पेडणेकर म्हणाले, "लग्न झालं."

गिरिजाबाईंनी तीस वर्षं पोस्टात काढली, मुलाचं शिक्षण केलं, सासूबाईंचं शेवटपर्यंत केलं. पाणी रोज यायला लागलं, तोवर कुणी त्यांना लग्नाला शेवटपर्यंत थांबा म्हणायचंच सोडून दिलं होतं.

मग युरोप आलं. स्टेशनजवळच्या गल्लीत उत्तमचं टूरचं ऑफिस आहे. तो भाईंदरच्या माणसांना जग दाखवतो आणि जगात कुठेही भाईंदरचं जेवण देतो. त्याच्या पत्रकात आठव्या दिवशी लिहिलं होतं: 'ऐतिहासिक राजवाड्यात शाही संगीत, त्यानंतर गरमागरम भारतीय भोजन.' पेडणेकरांनी त्यासाठी खास मरून रंगाचा ब्लेझर शिवला.

हॉल खरंच मोठा होता. सोनेरी पाठीच्या ताठ खुर्च्या, भिंतीभर आरसे, उंच खिडक्यांतून संध्याकाळचं ऊन. तीसेक वादक काळ्या कपड्यांत येऊन बसले. ऑर्केस्ट्रा म्हटल्यावर पेडणेकरांच्या डोळ्यांपुढे गणपतीतला मंडप होता. पहिली पाच मिनिटं त्यांनी वाट पाहिली आणि मग कानात विचारलं, "गायक कधी येणार?" गायक येत नाही हे कळल्यावर त्यांनी छताचे फोटो काढले. मग ब्लेझरची बटणं सोडून अत्यंत सभ्यपणे, मान न पाडता झोपले. मागच्या रांगेत मुखवासाची डबी फिरत होती.

गिरिजाबाईंना संगीतातलं काही कळत नव्हतं. म्हणून त्या माणसं बघत बसल्या. सगळे वाजवत होते. एकच जण वाजवत नव्हता. उजव्या कोपऱ्यात, सगळ्यांच्या मागे, पांढऱ्या केसांचा एक माणूस. त्याच्या शेजारच्या स्टुलावर दोन पितळी झांजा होत्या, परातीएवढ्या. तो हात मांडीवर ठेवून बसला होता. समोर कागद होते, ते तो वेळेवर उलटत होता. म्हणजे त्याचं लक्ष होतं. पाव तास झाला, अर्धा तास झाला, त्याची पाळी आली नाही. इतरांनी कितीही जोरात वाजवलं तरी तो उतावीळ झाला नाही. गिरिजाबाई त्याच्याकडेच बघत राहिल्या. हा माणूस आता उठणार, ह्या पराती आता वाजणार, आणि त्या वेळी आपण इथे असणार, एवढं त्यांच्या मनात पक्कं बसलं.

पाऊण तासाने टाळ्या झाल्या, लोक उठले. दारात उत्तम केशरी छत्री उंच धरून उभाच होता. "चला, चला, बसमध्ये! पनीर थंड होतंय!"

"अहो, हे संपलेलं नाही," गिरिजाबाई म्हणाल्या. "वाद्यं खुर्च्यांवरच ठेवून गेलेत ते. तो झांजावाला झांजा ठेवून गेलाय. काम संपल्यावर कुणी असं सोडून जातं का?"

"बस थांबणार नाही, गिरिजा."

उत्तमलाही अगदीच दोष देता येत नव्हता. बसमध्ये अकरा जैन मंडळी होती. ती सूर्यास्ताआधी जेवतात, आणि तिथे मे महिन्यात सूर्य पावणेनऊला मावळतो. पण ती मंडळी नेमाची होती, ती शांतपणे आपल्या पिशव्या उचलत होती. धावत जाऊन पहिली सीट पकडली पेडणेकरांनी. घरी ते रात्री दहाच्या आधी कधी ताटावर बसत नाहीत.

गिरिजाबाई उठल्या. सवय होती. बस वळेपर्यंत त्या खिडकीतून त्या उंच खिडक्यांकडे बघत होत्या. जेवताना म्हणाल्या, "भात कच्चा आहे." बाकी सगळ्यांनी दोनदा घेतला.

परत आल्यावर पेडणेकरांना कीर्तीची चटक लागली. भाजीवाल्यालाही ते राजवाडा सांगू लागले. गिरिजाबाईंनी कार्यक्रमाचा छापील कागद तेवढा जपून आणला होता. बाकीच्यांनी आपापल्या कागदाने वारा घेतला होता. एका दुपारी त्यांनी तो स्वप्नालीला दाखवला. तिने त्यावरचं नाव फोनवर शोधून दिलं आणि मेथी निवडता निवडता गिरिजाबाईंनी दुसरा भाग ऐकला. झांजा वाजल्या. पण नेमक्या त्या क्षणाला कॅमेरा पुढच्या हातवारे करणाऱ्या माणसाचे उडते केस दाखवत होता.

"ऐकलंत ना आई पूर्ण?" स्वप्नालीने विचारलं. "झालं की मग."

"हा दुसराच ऑर्केस्ट्रा आहे गं. तो माणूस माझ्यासमोर पाऊण तास बसला होता. मी उठून गेल्यावर त्याने वाजवलं."

स्वप्नालीने मेथीची जुडी पुढे ओढली.

तर आज, रविवारी, पेडणेकरांची खरी अडचण इज्जतीची नव्हतीच. त्यांच्या भाषणाच्या जाहिरातीवरच सोसायटीतल्या चौदा जणांनी पुढच्या मे महिन्यासाठी उत्तमकडे नावं दिली होती. तोच देश, तोच राजवाडा. उत्तमने पेडणेकरांना 'सांस्कृतिक मार्गदर्शक' अशी पदवी दिली होती आणि ती पत्रकात छापलीही होती.

"आता भूपेशभाई विचारतायत, पूरा दिखाएगा क्या!" पेडणेकर म्हणाले. "काय सांगू मी त्यांना?"

"बरोबर विचारतायत ते," गिरिजाबाई म्हणाल्या. "मलाही तेच विचारायचंय. लाव उत्तमला फोन, अभिनव."

अभिनव मघापासून दाराशी उभा राहून मोबाईलमध्ये शिरण्याचा प्रयत्न करत होता. त्याने निमूट फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"काकी, मला कळलं सगळं," उत्तमचा आवाज मधाळ झाला. "मागच्या वेळी तुमची गैरसोय झाली. या वेळी मी स्वतः लक्ष घालतोय. मध्यंतराच्या पाच मिनिटं आधीच आपली माणसं उठवतो. म्हणजे दारात गर्दीच नको!"

"दुसऱ्या भागाचं काय?"

"दुसरा भाग कशाला काकी? हॉल तोच असतो."

पेडणेकरांनी मान डोलावली. गिरिजाबाईंनी फोन बंद केला. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली.

"बघ गिरिजा," पेडणेकर समजुतीच्या सुरात आले. "माझं नाव छापलंय. चौदा माणसं माझ्या भरवशावर येतायत. तिथे तू पुन्हा तोंड उघडलंस तर कसं दिसेल? अर्धं काय, पूर्ण काय, राजवाडा पाहिला ना आपण? तुला नसेल जमत तर नको येऊस. स्वप्नाली येईल."

"मला सुट्टी नाहीये हां पप्पा," स्वप्नाली चटकन म्हणाली.

"मी येणार आहे," गिरिजाबाई म्हणाल्या. "दारासमोर ट्रामचा थांबा आहे. मी मागच्या वेळीच बघून ठेवलाय. आपल्या हॉटेलच्या चौकापर्यंत येते ती."

"एकटी? अगं, तिथे जर्मन बोलतात!"

"पोस्टाच्या खिडकीवर माझ्याशी कुठे सगळे मराठी बोलायचे?"

"आणि जेवण? किचन बंद होतं त्यांचं!"

"पर्समध्ये दशम्या ठेवीन."

"दशम्या! राजवाड्यात!" पेडणेकरांनी अभिनवकडे पाहिलं. अभिनवने स्वप्नालीकडे पाहिलं. स्वप्नाली सासूकडे बघत होती, आणि तिला हसू येत होतं, ते ती ओढणीने पुसत होती. "लोक मला विचारतील, पेडणेकर, मिसेस कुठायत? मी काय उत्तर देऊ?"

"यावेळी बरोबर उत्तर द्या. म्हणा, आत आहे."

पेडणेकर खुर्चीत बसले. मागे ब्लेझर आहे हे विसरून त्यावरच रेलले. गिरिजाबाईंनी या वेळी तो सोडवून घेतला नाही. कुकरची तिसरी शिट्टी झाली, तशा त्या आत गेल्या, गॅस बंद केला, हात पुसत परत दारात आल्या आणि वरण जेवणाच्या टेबलावर ठेवलंय हे ज्या आवाजात सांगतात त्याच आवाजात पेडणेकरांना म्हणाल्या,

"तुम्ही सगळे बसने जा. मी मध्यंतराला उठणार नाही."