बॉलला हात न लावता

लेकीला कॉलेजच्या हॉस्टेलवर सोडून आम्ही घरी, अमेरिकेतल्या डब्लिनला परत आलो, त्याला आठवडाही झाला नव्हता. मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून डबा खात होते आणि तिचा फोन आला.

"आई, डोन्ट फ्रीक आउट," ती म्हणाली. "माझ्या हार्टच्या टेस्टमध्ये काहीतरी आलंय. ते मला प्रॅक्टिस करू देत नाहीयेत."

ती बास्केटबॉलच्या स्कॉलरशिपवर त्या कॉलेजात गेली होती. सीझनआधी प्रत्येक खेळाडूच्या हृदयाची सोनोग्राफी होते, त्यात तिच्या डाव्या कप्प्याची भिंत जाड दिसली होती. पुढचं ती काय बोलली ते मला नीट आठवत नाही. घास तोंडात तसाच राहिला होता, एवढं आठवतं.

स्कॉलरशिप काही सहज मिळाली नव्हती. हायस्कूलची सगळी वर्षं तिचे बाबा तिला क्लबच्या टुर्नामेंटना घेऊन हिंडत. तिथे कॉलेजांचे कोच कोर्टाच्या कडेला खुर्च्या टाकून बसलेले असत. त्या दिवसांत मुलांशी बोलायला त्यांना कॉलेजच्या खेळांच्या नियमांनी मनाई असते. आपली मुलगी समोरून गेली तरी ते हसून दुसरीकडे बघतात, आणि आपण त्या हसण्याचा अर्थ लावत घरी येतो. एका कोचने फोनवर जागा पक्की म्हणून सांगितलं होतं. मग त्याला दुसऱ्या कॉलेजातून येणारी उंच मुलगी मिळाली आणि त्याने आमचे फोन उचलणं बंद केलं. तोंडी शब्दाला नियमांत काही किंमत नसते, हे आम्हाला तेव्हा कळलं.

म्हणून लेकीच्या आताच्या कॉलेजची ही कोच घरी आली तेव्हा मी तिच्याकडे जरा संशयानेच बघत होते. दारातले आमचे जोडे पाहून तिने न सांगता बूट काढले, पोहे पुन्हा मागून घेतले आणि स्वच्छ सांगितलं, "कागदावर स्कॉलरशिप एका वर्षाची आहे. दर उन्हाळ्यात ती नवी करावी लागते. दुखापत झाली म्हणून मी आजवर कोणाची काढलेली नाही. पण कागद एका वर्षाचा आहे, हे तुम्हाला माहीत असू दे." तो स्पष्टपणा मला आवडला होता.

फोन आल्यावर दुसऱ्याच दिवशी आम्ही दोघं गाडीने कॉलेजला गेलो. खोलीत कोच होती, टीमचे डॉक्टर होते आणि नियमांचं काम बघणारी एक बाई. लेक टीमचा टी-शर्ट घालून, हात मांड्यांखाली दाबून बसली होती.

डॉक्टर म्हणाले, "खूप व्यायाम करणाऱ्यांचं हृदय असं जाड होतं, तेव्हा हे साधंही असू शकेल. किंवा हा आजार असेल. त्या आजारात खेळता खेळता..." एवढं बोलून त्यांनी आमच्याकडे पाहिलं आणि वाक्य तिथेच सोडलं. मग त्यांनी विचारलं, "तुमच्या कुटुंबात तरुणपणी कोणी अचानक गेलंय?"

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं.

माझा मोठा भाऊ नागपुरात, आमच्या वस्तीच्या मैदानावर, भर मे महिन्यात कबड्डी खेळताना कोसळला होता. तेव्हा मी शाळेत होते. ऊन लागलं, असं सगळे म्हणाले आणि आमच्या घरात त्यावर पुन्हा कधी बोलणं झालं नाही. मी डॉक्टरांना ते सांगितलं, तेव्हा लेक माझ्याकडे बघायला लागली. मामा गेला एवढंच तिला माहीत होतं. डॉक्टर म्हणाले, "शक्य तेवढी माहिती काढा."

नियम सांभाळणाऱ्या बाईने दोन रस्ते सांगितले. पहिला, लेकीने आत्ताच वैद्यकीय कारणावरून खेळ सोडायचा. मग शिक्षण पूर्ण होईपर्यंत या कॉलेजची स्कॉलरशिप चालू राहील, पण इथे तिला पुन्हा कधी खेळता येणार नाही. दुसरा, तीन महिने सगळा व्यायाम बंद ठेवायचा आणि पुन्हा तपासायचं. व्यायामाने जाड झालेली भिंत विश्रांतीने उतरते, आजाराची उतरत नाही. मात्र त्या रस्त्याने पुढच्या वर्षाची हमी नाही.

मी बाहेर येऊन लेकीला म्हटलं, "सही कर. शिक्षण होतंय. अजून काय पाहिजे?"

"सही केली तर मला कधीच कळणार नाही, आय वॉज सिक ऑर नॉट," ती म्हणाली. "मग मी जिना चढतानापण घाबरणार. अँड यू टू, आई."

"मी आत्ताही घाबरलेच आहे."

"आय नो. मीपण."

नवरा हळूच म्हणाला, "थांबू दे तिला. या तीन महिन्यांत तसंही ती खेळणार नाहीये." मी सहीचा कागद घडी करून पर्समध्ये टाकला.

घरी आल्यावर मी नागपूरला आईला फोन लावला. आईला सत्य सांगायची हिंमत नव्हती. इकडचं तिकडचं बोलून विचारलं, "आई, दादाला त्या दिवशी नेमकं काय झालं होतं?"

तिने आधी टीव्ही बंद केला. मग म्हणाली, "काहून विचारून राहिली तू? पोरगी बरी आहे न?"

"बरी आहे. असंच आठवलं."

"अंगात ताप होता त्याच्या. बुद्ध जयंतीच्या स्पर्धा होत्या. मी म्हटलं, नको जाऊ. फायनल आहे म्हणे. तापातच गेला उन्हात." तिचा श्वास मला ऐकू येत होता. "दवाखान्यात नेलं तर अंग असं तापलेलं, हात लावता येत नव्हता."

ताप, ऊन, तापलेलं अंग. मी ते डॉक्टरांना कळवलं. उष्माघात असेल, पण खात्री देता येणार नाही, असं ते म्हणाले. भाऊ उन्हानेच गेला असू दे, असं मी मनात म्हणत होते, आणि असं म्हणायची वेळ आपल्यावर यावी याचीही भीती वाटत होती.

ते महिने मी कसे काढले ते सांगणं कठीण आहे. एमआरआय झाला, रक्ताची जनुकीय तपासणी झाली. लेकीला पळायची बंदी, बॉलला हात लावायची बंदी. ती प्रॅक्टिसला जाऊन कडेला बसायची आणि बाकीच्यांना पाणी द्यायची. मी रोज काहीतरी निमित्त काढून मेसेज करायचे: जेवलीस का, थंडी आहे का. एका दुपारी तिने एकही मेसेज पाहिला नाही, फोन उचलला नाही. मीटिंगमधून उठून मी तिच्या रूममेटला फोन केला. माझा आवाज ऐकून ती पोरगी चपला न घालता लायब्ररीपर्यंत धावत गेली. लेक तिथे फोन सायलेंट करून अभ्यास करत होती. तिने फोनवर मला "आई, प्लीज" एवढंच म्हटलं, रागावली नाही. त्यानंतर मात्र ती सकाळी उठल्या उठल्या स्वतःहून मेसेज करायला लागली.

नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीआधी पुन्हा सोनोग्राफी झाली. डॉक्टरांनी आम्हा तिघांना बसवून दोन्ही चित्रं शेजारी शेजारी दाखवली. भिंत उतरली होती. एमआरआय स्वच्छ होता, जनुकांत काही सापडलं नव्हतं. "खेळाडूचं हृदय आहे," ते म्हणाले. "दरवर्षी तपासायचं. चक्कर आली तर त्याच क्षणी थांबायचं." नवरा रुमाल शोधायला लागला. लेक डॉक्टरांना एवढंच म्हणाली, "सो, कॅन आय रन?"

हळूहळू तिला पळू दिलं, मग जानेवारीत टीममध्ये घेतलं. ती पहिल्यांदा कोर्टवर उतरली त्या दिवशी आम्ही जिममध्ये हजर होतो. बसायच्या आधी मी भिंतीवर हृदयाला शॉक द्यायच्या मशीनची पेटी कुठे आहे ते बघून ठेवलं. ती थोडाच वेळ खेळली. एकदा धक्का लागून पडली, तेव्हा मी उभी राहिले आणि नवऱ्याने माझा कोट धरून मला खाली बसवलं. ती उठली, केस मागे सारले, पळत सुटली.

मॅचनंतर ती घामाघूम होऊन आमच्यापाशी आली. माझा चेहरा बघून म्हणाली, "आई, तू गेम बघितलीच नाहीस."

"बघितली ना."

"मग कोण जिंकलं?"

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो हसायला लागला, आणि लेकीने मला त्या ओल्या टी-शर्टनिशी मिठी मारली.