तुरीनमध्ये परुळेकर नको म्हणतात

लंडनजवळच्या स्लाऊमध्ये परुळेकरांच्या गल्लीत पूर्वी म्हणत असत की, गणपती एका मोदकावर प्रसन्न होतो, पण रघुवीर परुळेकरांना नैवेद्य तीनदा दाखवावा लागतो. शेजारच्या मीनाक्षी दिघे चहाचे आधण ठेवता ठेवता हे ऐकवत आणि त्यांचे यजमान अजयराव त्यात भर घालत, "दोनदा दाखवून थांबलात तर माणूस उपाशी आणि देव कोपलेला. दोन्ही पापं तुमच्या माथी."

यात अतिशयोक्ती नव्हती. परुळेकर ज्या गावात वाढले तिथे पहिल्या विचारण्याला हो म्हणणारा माणूस हावरट ठरे. पहिले विचारणे रीत म्हणून असते, दुसरे मनापासून असते आणि तिसरे, डब्यात खरोखर काही आहे म्हणून असते, असा तिथला हिशेब. यजमानीण कानकोंडी होऊ नये म्हणून पाहुण्याने आधी दोन नकार द्यायचे आणि तिसऱ्याला, जणू नाइलाजाने, पाटावर बसायचे. लग्नालाही परुळेकरांनी दोनदा नको म्हटले होते. मधुमतीबाईंचे वडील त्याच पंचक्रोशीतले म्हणून निभावले.

मग एकोणिसशे अठ्ठ्याहत्तर साली ते विलायतेत आले आणि त्यांची गाठ एकदाच विचारणाऱ्या लोकांशी पडली. गोदामातल्या नोकरीच्या पहिल्या दिवशी चहाची गाडी ढकलत एक बाई आली आणि "टी, लव्ह?" असे म्हणाली. परुळेकर संकोचून "नो, नो" म्हणाले. गाडी पुढे गेली ती अकरा वर्षे थांबली नाही. त्यांची बदली झाली तेव्हा सहकाऱ्यांनी सह्या करून एक कार्ड दिले. त्यावर लिहिले होते की, या माणसाने अकरा वर्षांत चहाची एक पुडीदेखील वापरली नाही. परुळेकरांनी ते कोरड्या घशाने वाचले. पुढे साहेबांनी सुपरवायझर होणार का असे विचारले, तेव्हाही ते म्हणाले, "नो, नो, माझी कुठली एवढी लायकी." साहेबांनी दुःखाने मान हलवली आणि ती जागा कीथ नावाच्या गृहस्थाला दिली, ज्याने प्रश्न पूर्ण व्हायच्या आत हो म्हटले होते.

मधुमतीबाई होत्या तोवर फार नुकसान झाले नाही. त्या वाढणाऱ्यांना सरळ सांगत, "ते नको म्हणतात, तुम्ही वाढा." तीन वर्षांपूर्वी त्या गेल्या, आणि परुळेकरांचा नकार जगाला उलगडून सांगणारे कुणी उरले नाही.

एकुलती एक मुलगी उर्वी कार्डिफला सरकारी इस्पितळात फिजिओथेरपिस्ट होती. जन्म स्लाऊचा, शाळा स्लाऊची. समोरचा माणूस नाही म्हणाला की विषय संपतो, हे तिला तिथे पाचव्या वर्षापासून शिकवलेले. गेल्या मार्चमध्ये भांडी विसळताना ती म्हणाली होती, "बाबा, एकटे राहण्यापेक्षा तुम्ही कार्डिफला का येत नाही राहायला? मागची खोली रिकामी तर आहे."

परुळेकरांचे काळीज सुपाएवढे झाले. अर्थात ते म्हणाले, "छे, छे. नको. तुला कशाला त्रास."

"ओके, युअर चॉइस. आय रिस्पेक्ट दॅट," उर्वी म्हणाली आणि रिसायकलिंगच्या डब्यांकडे वळली.

तेव्हापासून परुळेकर दुसऱ्या विचारण्याची वाट पाहत होते. दर रविवारी फोनवर ते "बाकी काय?" म्हणून दार किलकिले करून देत. उर्वी "बाकी काही नाही" म्हणून ते लावून घेई. जूनमध्ये त्यांनी दिघ्यांना शिडी देऊन टाकली, जुलैत कुंड्या दिल्या. "कुठे निघालात की काय?" असे अजयरावांनी विचारल्यावर म्हणाले, "कुठे जाणार. अजून बोलावणं आलेलं नाही." सप्टेंबरात उर्वीने फोन केला, की इटलीत तुरीनला तिची दोन दिवसांची कॉन्फरन्स आहे, बाबांनी सोबत यावे, तिकिटे काढून झाली आहेत. काढून झालेल्या तिकिटांना नको म्हणता येत नाही. परुळेकर निघाले. तुरीन पाहण्याची त्यांना इच्छा नव्हती. दुसरे विचारणे तुरीनमध्ये होईल, अशी त्यांची अटकळ होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सात वाजता बापलेक नदीजवळच्या एका गल्लीत, कमानीखालच्या टेबलाशी बसले. सकाळपासून परुळेकरांच्या पोटात एका केळ्यापलीकडे काही नव्हते. हॉटेलात न्याहारीचा बुफे होता, परंतु बुफे कुणालाच विचारत नाही, त्यामुळे ते पहिल्या विचारण्याच्याच प्रतीक्षेत पाऊण तास उभे राहिले. दुपारी कॉन्फरन्सवाल्यांनी जेवणार का म्हणून विचारले. एकदाच विचारले.

"बाबा, इथे डिनरच्या आधी ड्रिंक घेतात, त्याला अपेरितीवो म्हणतात," उर्वी सांगू लागली. "ड्रिंकबरोबर खायला आपोआप येतं. आणि हा बार फुल्ली वेगन आहे. दूध नाही, अंडं नाही, सगळं ऑरगॅनिक." ती चार वर्षांपासून वेगन होती आणि असे ठिकाण सापडले की तिचा चेहरा लहानपणीसारखा उजळे.

"जेवणाआधी खायचं, मग जेवायचं कशाला?"

"हे भूक लागावी म्हणून असतं."

"भूक लागावी म्हणून खायचं," परुळेकर हलकेच म्हणाले. आपल्याला त्या साधनाची गरज नाही, हे त्यांच्या पोटाने तेवढ्यात गुरगुरून सांगितले. पेये उर्वीने परस्पर मागवली होती, म्हणून त्यांच्यासमोर निदान नारिंगी रंगाचे एक कडसर सरबत आले. चव थेट काढ्याची होती. त्यांनी ते पुरवून पुरवून घेतले.

बारची मालकीण ओर्नेल्ला नावाची पंचेचाळिशीची हसतमुख बाई होती. ती स्वतः तबक घेऊन टेबलाटेबलाशी फिरत होती. पहिल्या तबकात भाजलेल्या पावावर काजूचे दाट वाटण आणि वाळवलेले टोमॅटो होते. तिने परुळेकरांपुढे तबक धरले.

"नो, नो, थँक यू," परुळेकर म्हणाले. एक झाले.

दुसऱ्या तबकात कसल्याशा सुगंधी पानांची भजी होती, नुकती तळलेली, ओव्याच्या पानांची करतात तशी. परुळेकरांनी डोळे मिटून म्हटले, "प्लीज, तुम्ही इतरांना द्या." दोन झाले. त्यांनी मांडीवरचा रुमाल सारखा केला, पाठ ताठ केली आणि जेवायला बसणाऱ्या माणसासारखे कोपर किंचित बाहेर काढले.

तिसऱ्या तबकाचा वास आधी आला. हरभऱ्याच्या पिठाचा, तेलात खरपूस भाजलेला, कडा करपत आलेल्या धिरड्याचा वास. ओर्नेल्ला म्हणाली, ही फरिनाता, आत्ताच भट्टीतून काढली. तिने टेबलावर तीन तुकड्यांची बशी उर्वीच्या बाजूला ठेवली आणि परुळेकरांकडे न बघता निघून गेली. दोनदा नाही म्हणणाऱ्याला तिसऱ्यांदा छळू नये, इतकी ती सुसंस्कृत होती.

"बाबा, हे एकदम धिरड्यासारखं आहे," उर्वी घास घेत म्हणाली. "आई करायची तसं. तुम्ही नाही खाणार?"

परुळेकरांनी प्रश्न तपासून पाहिला. ज्या आमंत्रणाच्या पोटातच 'नाही' आहे ते आमंत्रण धरावे की न धरावे? धरले तरी उर्वीचे ते पहिलेच. मोजणी माणसागणिक वेगळी असते. "नको. तू खा," ते म्हणाले. उर्वीने दुसरा तुकडा उचलला.

थोड्या वेळाने ओर्नेल्ला काळजीच्या चेहऱ्याने परत आली. वडीलधारा माणूस आपल्याकडे येऊन कोरडा बसला आहे, हे तिच्या जिवाला लागले होते. तिने इंग्रजीत विचारले, काही ॲलर्जी आहे का? काजू? नो. गहू? नो. सोया? नो. मोहरी, तीळ? नो, नो. मग तुम्ही खाता तरी काय? "प्लीज, माझ्यासाठी काही करू नका," परुळेकर कळवळून म्हणाले. ओर्नेल्लाने खिन्नपणे मान डोलावली, आत गेली आणि पेलाभर कोमट पाणी व त्यात उभी खोचलेली सेलरीची एक काडी त्यांच्यासमोर आणून ठेवली. विचारून आणलेले नाकारता येते, समोर ठेवलेले नाकारणे हा अपमान असतो. परुळेकरांनी काडी चावायला घेतली. कडाकडा आवाज शेजारच्या टेबलापर्यंत गेला.

"बाय द वे बाबा," उर्वी म्हणाली, "ती मागची खोली मी भाड्याने देते आहे. दिया म्हणून एक ज्युनिअर डॉक्टर आहे आमच्या वॉर्डवर. सोमवारी बघायला येते."

काडी चावायची थांबली. "कुठली मागची खोली?"

"एकच तर आहे. तुम्ही नको म्हणालात ना मार्चमध्ये."

"म्हणालो होतो खरा."

"मग?"

"मग काही नाही. चांगली आहे का मुलगी?"

"खूप. मी विचारलं तर पहिल्या सेकंदाला येस म्हणाली."

परुळेकरांना ती मुलगी तिथल्या तिथे आवडेनाशी झाली. त्यांनी कोमट पाण्याचा घोट घेतला आणि आडवळणाने निघाले. "त्या खोलीत सकाळचं ऊन छान येतं."

"हो, दियाला आवडेल."

"बागेतला नळ गळतो. भाडेकरूला तो जमायचा नाही."

"प्लंबर आहे ना."

"स्लाऊमध्ये आताशा फार वारा सुटतो."

"कार्डिफला तर रोज पाऊस, बाबा."

"पाऊस मला चालतो," परुळेकर घाईने म्हणाले.

"मग या ना एखाद्या वीकेंडला," उर्वी प्रेमाने म्हणाली. "दियाला सांगेन, सोफ्यावर तुमचं अंथरूण घालायला मदत करेल ती."

आपल्याच खोलीतल्या परक्या मुलीने आपल्याला सोफ्यावर अंथरूण घालून द्यावे, हे चित्र परुळेकरांच्या डोळ्यांपुढे उभे राहिले आणि बराच वेळ हलले नाही.

तेवढ्यात ओर्नेल्ला टेबल आवरायला आली. बशीत शेवटचा तुकडा उरला होता. तिने उर्वीकडे पाहिले, उर्वीने पुरे झाल्याची खूण केली, आणि ओर्नेल्लाने बशी उचलली. बशी चार बोटे वर गेली आणि तिथेच थांबली. बशीची दुसरी कड परुळेकरांच्या उजव्या हातात होती.

"सर?" ओर्नेल्ला म्हणाली.

"नो, नो. प्लीज घेऊन जा," परुळेकर म्हणाले.

तिने ओढली. बशी गेली नाही. तिला वाटले, तेलामुळे चिकटली असेल. तिने जरा जोर केला. परुळेकरांनीही केला. "प्लीज, खरंच घेऊन जा," ते अजिजीने सांगत होते आणि बशी इंचाइंचाने स्वतःकडे आणत होते. शेजारच्या टेबलावरची माणसे वळून पाहू लागली.

उर्वी बघत राहिली. पंधरा वर्षे ती अशाच माणसांमध्ये वावरत होती. सुजलेला गुडघा धरून "काही दुखत नाही" म्हणणारे आजोबा तिला रोज भेटत. तोंडावर विश्वास ठेवायचा नाही, स्नायूकडे बघायचे, हा तिच्या धंद्याचा पहिला धडा होता. आपल्या वडिलांना मात्र तिने कधी तपासले नव्हते.

"बाबा, हात सोडा."

"मी कुठे धरलंय?"

"अंगठा बघा तुमचा. पांढरा पडलाय."

परुळेकरांनी अंगठ्याकडे पाहिले. दुसऱ्या कुणाचा असावा तसे पाहिले. उर्वीने ओर्नेल्लाला खुणेने बशी ठेवायला सांगितली. परुळेकरांनी तो तुकडा तीन घासांत संपवला. हिरवी मिरची हवी होती, असे त्यांच्या मनात आले, पण ती वेळ नव्हती.

"मार्चमध्येपण असंच होतं का?" उर्वीने विचारले. "तोंड नको म्हणत होतं आणि तुम्हाला यायचं होतं?"

परुळेकरांनी रुमालाला हात पुसले. मग खाली मान घालून त्यांनी तिला गावची रीत सांगितली, पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या विचारण्याची. चहाच्या गाडीचेही सांगितले. उर्वी आधी हसली आणि मग 'अकरा वर्षे' हा आकडा ऐकल्यावर हसायची थांबली.

"मग मी परत विचारलंच नसतं तर?"

"नाहीच विचारलंस. सहा महिने झाले."

"मला वाटलं, आईचं घर सोडायचं तुमच्या जिवावर येतंय," ती म्हणाली. "त्यात मी हट्ट केला असता तर तुम्ही फक्त माझ्यासाठी हो म्हणाला असता. म्हणून मी मुद्दाम गप्प बसले, बाबा. दर रविवारी."

परुळेकरांना दर रविवारचे ते "बाकी काही नाही" आठवले. फोनच्या पलीकडे हीसुद्धा दार धरूनच उभी होती, हे त्यांच्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला.

"ओके," उर्वी सरसावून बसली. "बाबा, कार्डिफला राहायला येता का?"

परुळेकरांच्या ओठांनी एकोणसत्तर वर्षांच्या सवयीने नकाराचा आकार घेतला.

उर्वीने तळहात वर केला. "ऐका आधी. मी उद्या परत विचारणार नाही. परवापण नाही. मला ते तुमचं तीन-तीन वेळा विचारणं जमायचं नाही, मी विसरून जाईन. आणि सोमवारी दिया येतेय."

परुळेकरांनी पेल्यातल्या काढ्याचा शेवटचा घोट घेतला, ओठांवर आलेला तो जुना नकार त्याच्याबरोबर गिळून टाकला आणि म्हणाले, "तिला आजच कळव, खोली गेली. आणि तिथली ती व्यायामाची सायकल हलव, माझा पलंग खिडकीशी लागेल."