हिरड्याच्या काढ्यात धुतलेला शंकरपट

सोळा मिलिमीटरच्या फिल्मच्या एका फुटात चाळीस चित्रं असतात. शंभर फुटांत चार हजार. सेकंदाला सोळा या वेगानं चालवली तर चार मिनिटं दहा सेकंद. मुंबईच्या एका हौशी सिनेमा मंडळाच्या पत्रकात हा आकडा ‘सुमारे पाच मिनिटे’ असा आला होता. मी कार्ड टाकून चूक कळवली आणि तिथून आमचा पत्रव्यवहार सुरू झाला.

पत्रक इंग्रजी, बारा पानी, सायक्लोस्टाइल केलेलं. दर अंकात चार-पाच पानं वाचता येऊ नयेत इतकी फिकट. मंडळाचं म्हणणं असं की, सिनेमात गोष्ट नसली तरी चालते, नट नसले तर उत्तमच, आणि फिल्म ही खरवडून, रंगवून, नाना रसात बुडवून पाहायची वस्तू आहे. मला पटलं. माझ्याकडे गोष्ट नव्हती, नट नव्हते, आणि रस उकळायला चूल होती.

मी तेव्हा आरमोरीला जंगल खात्याच्या डेपोत लाकडं मोजायच्या कामावर होतो. ओंडक्याचा घेर, लांबी, घनफूट. देश सोडून जाणाऱ्या एका इंग्रज साहेबानं मला चावीचा कॅमेरा आणि मुदत उलटलेल्या फिल्मचे तीन डबे दिले होते. पहिला डबा मी एका वारुळावर घालवला. दुसरा सागाच्या कापलेल्या बुंध्यांवर, वर्षाच्या एका वलयाला एक चित्र. एकशेबारा वर्षांचं झाड सात सेकंदांत संपायचं. गावोगाव सिनेमा दाखवणाऱ्या सरकारी प्रचाराच्या गाडीवाल्यानं ते आमच्या भिंतीवर दाखवलं तेव्हा बायको म्हणाली, “झालं? याच्यापायी दोन महिने जेवाले उशिरा येत होते?”

मुदत उलटलेली फिल्म कोणी धुवायला घेत नसे. चांद्याचा एक फोटोवाला मला चित्र पक्कं करायचा हायपो द्यायचा, पण मी दिसलो की चित्र उमटवणाऱ्या डेव्हलपरची बाटली पाठीमागे लपवायचा. पत्रकाच्या एका अंकात ओझरतं आलं होतं की, जुन्या काळी डेव्हलपर झाडांच्या साली-फळांतल्या आम्लापासून करत. माझ्या डेपोत हिरड्याची पोती छताला टेकली होती. पहिला काढा मी लोखंडी कढईत उकळला. हिरड्याला लोखंड लागलं की शाई होते, हे मला माहीत असायला हवं होतं. माझे वडील पटवारी होते आणि जन्मभर तशीच शाई करत होते.

“अजी, फिल्लम राहू द्या,” बायको कढईत डोकावून म्हणाली. “दौती भरून ठेवा. पोरं मॅट्रिक होतपर्यंत पुरंल.”

मग मडक्यात केला. तेरा तुकडे वाया गेले, चौदाव्यावर चित्र उमटलं. हिरडा आठ तोळे, धुण्याचा सोडा सहा तोळे, पाणी दोन शेर, बारा मिनिटं. चित्र चहाच्या रंगाचं येई, पण येई. शिवाय हिरड्यानं जसं चामडं कमावतात तसा फिल्मवरचा सरसही कमावला जाई, त्यामुळे आमच्याकडच्या कोमट पाण्यातही तो सुटत नसे. हे पत्रकवाल्यांना ठाऊक नव्हतं. मी कार्ड टाकलं.

या प्रयोगांतून तिसऱ्या डब्यात थोडी फिल्म उरली होती ती शंकरपटावर गेली, आणि तिच्याच पायी हे सगळं लिहायला बसलो आहे.

बायकोचं माहेर आरमोरीपासून दोन कोसांवर. माघात तिथे शंकरपट होई. शेजारशेजारच्या दोन वाटांवरून बैलांच्या दोन जोड्या हलके छकडे घेऊन पळायच्या, आणि टोकाच्या झेंडीपाशी तीन पंच उभे असायचे. त्या वर्षी शेवटी उरल्या दोन जोड्या. गावच्या पाटलांची पांढरी आणि माझ्या मेहुण्याची काळी. मी झेंडीच्या समोर, तीन बांबू बांधून केलेल्या घोडीवर कॅमेरा लावून उभा होतो. जोड्या आल्या, धूळ उठली, मी खटका दाबला, नऊ सेकंदांनी सोडला. एकशेचव्वेचाळीस चित्रं.

एक पंच म्हणाला, काळी. दुसरा म्हणाला, पांढरी. तिसऱ्याच्या डोळ्यात धूळ गेली होती. पाटील आपल्याच जोडीचा मान मागू लागले.

“मान काई तोंडानं मागून भेटत नाई, पाटील,” मेहुणा म्हणाला. “जो जितला त्याची जोडी औंदा पोळ्याले तोरणाखालून पयली.”

“पयली त माझीच जाते. माझ्या आज्यापासून.”

“मंग भेव काऊन वाटून राह्यलं?”

पाटील सत्तरीचे, अंगानं किरकोळ, पांढऱ्याशुभ्र मिशीचे. ते साऱ्या गावादेखत म्हणाले, “जाय. जो जितला तो पयला. शब्द देला.” मग दोघांच्याही एकदम ध्यानात आलं की जिंकलं कोण, तेच ठरलेलं नाही. मेहुण्यानं माझ्याकडे बोट केलं.

“आमचे जवाईबापू मशीन घेऊन उभे होते. मशीन खोटं बोलत नाई.”

“मशीन नाई बोलत,” पाटील म्हणाले. “पन जवाई कोनाचा?”

तेव्हा असं ठरलं की, फिल्म धुताना दोघांनीही हजर राहायचं, वाळली की न पाहता डब्यात घालायची, डब्याला लाखेची मोहर करायची आणि प्रचाराची गाडी येईल तेव्हा सर्वांसमोर फोडायची.

आमच्या न्हाणीच्या फटींना मी भर दुपारी पोती ठोकली. शेजारच्या विणकराकडून कोशाचं सूत गुंडाळायचा लाकडी रहाट आणला होता. त्यावर फिल्म गुंडाळून तो काढ्यात फिरवायचा. दोघांना मी बारकाईनं सगळं सांगितलं. तोळे सांगितले, मिनिटं सांगितली, काढा चौऱ्याऐंशी अंश फॅरनहाइटवर आहे आणि पत्रकात अडुसष्ट म्हटलंय हेही सांगितलं. मग दार लावलं. पूर्ण काळोख. एका पाटावर पाटील, दुसऱ्यावर मेहुणा, मध्ये मडकं आणि मी.

घड्याळ दिसणार नव्हतं. मी सेकंद मोजू लागलो तर पाटलांनी हरकत घेतली. “तुमी नका मोजू जी. तुमची मोजनी सरकारी.” शेवटी धान मोजायच्या चालीवर दोघांनी मिळून मोजायचं ठरलं. पहिल्या मापाला ‘एक’ म्हणायचं नाही, ‘लाभ’ म्हणायचं, आणि वीस झाले की एक खंडी. बारा मिनिटं म्हणजे छत्तीस खंड्या.

“लाभ... दोन... तीन...” माझ्या न्हाणीत दोन वैरी एका सुरात धान मोजत होते.

“हाताले कोन लागून राह्यलं?” बाराव्या खंडीला पाटील ओरडले.

“मडकं आहे, पाटील,” मी म्हणालो.

“मडक्याले बोटं काऊन हायत?”

धान मोजणारा शेवटाकडे घाई करतो. माझ्या अंदाजानं शेवटच्या दहा खंड्या दीड मिनिट लवकर झाल्या, म्हणून मी मनात मोजून दीड मिनिट रहाट जास्त फिरवला. त्यावर दोघांनी एकदम तक्रार केली. दोघांचं एकमत झालेलं मी तेवढंच पाहिलं.

फिल्म मागच्या अंगणात तारेवर वाळत होती तोवर आम्ही तिघंही तिच्याकडे पाठ करून बसलो. बायको पाणी घेऊन आली आणि उभीच राहिली. “तीन बुढे, अन् भिताडाकडं तोंड. मास्तरानं बसवल्यावानी.”

गाडी चैत्रात आली. पडदा लावला पाटलांच्या धानाच्या कोठारात, दुपारी, दारं लावून. बाहेर गाडीचं जनरेटर घरघरत होतं. आत एकशेत्रेसष्ट माणसं. पुढे जमिनीवर गावाच्या टोकाला राहणारी एक म्हातारी बसली होती. तिच्याकडे एक काळा आणि एक पांढरा असे जोड न जमणारे दोन बैल होते. काळा लंगडायचा. पोळ्याला ती जोडी सगळ्यांच्या शेवटी उभी राहत असे. पाटलांनी लाख फोडली. गाडीवाल्यानं फिल्म चढवली. धानाच्या कोंड्यातून उजेडाचा पट्टा गेला आणि पडद्यावर आमचा शंकरपट आला.

आभाळ काळं होतं. काळ्या आभाळाखाली काळ्या धोतरांतली माणसं होती. त्यांची तोंडं पांढरी फटफटीत आणि दात काळे.

“अवो माय!” म्हातारी म्हणाली. “सारं गाव भूत झालं.”

तेवढ्यात जोड्या आल्या. काळी पुढे, पांढरी मागे, झेंडी, संपलं. नऊ सेकंद. कोठार हादरलं. मेहुण्याला लोकांनी खांद्यावर घेतलं. बायकांमधून माझी बायको माझ्याकडे पाहून हसत होती.

मी सगळं सांगितलं होतं, फक्त एक सांगायचं राहिलं होतं. मी फिल्म अर्धीच धुतली होती. ती सुलटी करायला आणखी रसायनं लागतात, ती माझ्याकडे नव्हती, आणि चित्रं मोजायची तर त्यांची गरजही नव्हती. अशा फिल्मवर उजेड तो काळा आणि काळं ते पांढरं दिसतं. मी रोज तेच पाहत होतो, म्हणून ते सांगण्यासारखं आहे असं माझ्या डोक्यातच आलं नाही. पडद्यावर पुढे होती ती काळी जोडी म्हणजे पाटलांची पांढरी.

गप्प बसलो असतो तर कोणाला कळलं नसतं. पाटीलसुद्धा मान खाली घालून बसले होते. मी स्टुलावर चढलो आणि सांगितलं.

मग खांद्यावरूनच मेहुणा म्हणाला, “जवाईबापू, पाटलानं काय कबूल केलं तुमाले?”

मला वाटलं पाटील तरी माझी बाजू घेतील. ते उठले आणि माझ्यावरच कडाडले. “म्या माझ्या डोळ्यानं पाह्यलं. काळी पुढं. कारकुनाच्या सांगन्यावर मले मान नाई पाह्यजे. शब्द म्हंजे शब्द.”

“पाटील, स्वतःलाच पाहा,” मी म्हणालो. “झेंडीच्या डावीकडे तुम्ही उभे आहात. तुमची मिशी पाहा.”

गाडीवाल्यानं फिल्म पुन्हा लावली. झेंडीच्या डावीकडे काळ्या कुळकुळीत मिशीचे पाटील उभे होते. ती मिशी सगळं समजावायला पुरेशी होती, पण कोठारात असा हशा उठला की कोणी समजून घ्यायच्या मनःस्थितीत नव्हतं. तिसऱ्यांदा लावा म्हणून पाटलांनीच सांगितलं, मिशीसाठी. मग ज्याला त्याला स्वतःचं भूत पाहायचं होतं. फिल्म अकरा वेळा चालली.

चौथ्या वेळेला मेहुणा खांद्यावरून उतरला. त्याच्या उजव्या बैलाचं एक शिंग मोडकं होतं. शिंग मोडकं असेल तर ते उलट्या फिल्मवरही मोडकंच दिसतं. ते मागच्या जोडीत होतं. तो पडद्याजवळ जाऊन उभा राहिला, आणि उरलेल्या सातही वेळा ते शिंगच पाहत राहिला. गावानं मात्र निकाल धरला तो डोळ्यांचा. काळी.

दुसऱ्या दिवशी मी भिंग घेऊन चित्रं मोजली. पांढऱ्या जोडीचं नाक झेंडीशी पोचलं एकशेएकतिसाव्या चित्रात, काळीचं एकशेतेहतिसाव्या. फरक सेकंदाचा आठवा हिस्सा.

“तुमाले गप बसता येत नवतं?” बायको म्हणाली.

“निकाल चुकीचा होता.”

“निकाल नवता तो. माझ्या भावाचा आनंद होता.” त्यानंतर एकवीस दिवस तिनं माझ्याशी कामापुरतंच बोलणं ठेवलं. चोवीस वाक्यं, त्यातली नऊ मिठाबद्दल.

फिल्म मी मुंबईच्या मंडळाला पाठवली. आषाढात अंक आला, त्यात दीड पान आमच्यावर होतं. लिहिणाऱ्यानं म्हटलं होतं की, खेड्यातल्या सत्तेचा अंधार दाखवण्यासाठी दिवसाची रात्र करण्याचं धाडस अपूर्व आहे, तपकिरी रंगात मातीचं दुःख आहे आणि उभ्या ओरखड्यांत काळाच्या जखमा आहेत. मी कार्ड टाकलं. तपकिरी रंग हिरड्याचा आहे, ओरखडे विणकराच्या रहाटाचे आहेत, आणि रात्र मुद्दाम केलेली नाही, रसायन नव्हतं. पुढल्या अंकात त्यांनी ते कार्ड चौकटीत छापलं, वर ‘जाहीरनामा’ असं शीर्षक देऊन.

मग पोळा आला. वेशीवर आंब्याच्या पानांचं तोरण. जोड्या रांगेत उभ्या, शिंगांना रंग, पाठीवर झुली. सर्वांत पुढे मेहुण्याची काळी जोडी, तिच्यामागे पाटलांची पांढरी, आणि सर्वांच्या मागे म्हातारीची. डफडी वाजू लागली. मेहुणा तोरणाशी गेला आणि कासरा ओढून थांबला.

“व्हा ना पुढं,” मागून पाटील म्हणाले.

“तुमी व्हा जी.”

“काऊन? पडद्यावर तुमची पुढं होती. साऱ्यायनं पाह्यलं.”

“पडद्यावर तुमची मिशीबी काळी होती, पाटील.”

डफडीवाला थांबला. पाटलांचा हात मिशीकडे गेला. रागावतात की काय असं वाटलं, पण त्यांनी मेहुण्याकडे पाहिलं, मग मान वळवून माझ्याकडे. “शब्द देला हाय म्या,” ते म्हणाले. “मी पयला जात नाई.”

“अन् मी हरलो हाय. मीबी जात नाई.”

दोघंही हटेनात. दोघांनी आपापले बैल बाजूला घेतले, एकानं उजवीकडे, एकानं डावीकडे, आणि हातानं एकमेकांना वाट दाखवत राहिले. मागच्यांची कुजबुज सुरू झाली. मधली वाट मोकळी पाहून म्हातारीनं रांगेच्या शेवटून आपली जोडी हाकली. सगळ्यांच्या कडेकडेनं ती पुढे आली, तोरणाखालून गेली आणि पलीकडे जाऊन उभी राहिली. तोरण तिच्या लंगड्या बैलाच्या शिंगात अडकून तुटलं.

“कोनीच जात नाई म्हून मी गेली,” ती म्हणाली. “मले घरी सैपाक हाय.”

पाटील आधी हसले. मग मेहुणा. मग बायको. ती माझ्या शेजारी उभी होती.

त्या दिवशी माझ्याकडे कॅमेरा होता, फिल्म नव्हती. असती तरी निकालावरून भांडण झालं नसतं. ती जोडी सुलटी धुतली काय आणि उलटी धुतली काय, एक काळा आणि एक पांढराच. फक्त लंगडणारा बैल पांढरा दिसला असता.