कासवाचं घर दक्षिणेला

आमच्या घरी कासवाला नमस्कार करायला पुष्कळ माणसं होती; त्याची घाण काढायला मी एकटी.

तुळजापुरात माझ्या नवऱ्याचं पूजासाहित्याचं दुकान आहे. हळदी-कुंकू, कवड्यांच्या माळा, फोटो, आणि हल्ली या सगळ्यांपेक्षा जास्त खपतं ते पितळी कासव. ताटलीत पाणी घालायचं, त्यात कासव ठेवायचं, तोंड उत्तरेला करायचं, की घरात पैसा येतो म्हणे. पैसा कुणाकडं येतो हे दुकानदाराला कळायला हवं होतं. पण रोज गिऱ्हाइकांना सांगून सांगून नवऱ्याचा स्वतःचाच त्यावर विश्वास बसला.

मग एकदा पुण्याहून त्यानं तळहाताएवढं जिवंत कासव आणलं. "पितळेचं एवढं देतंय, तर खरं किती देईल!" विकणाऱ्यानं सांगितलं होतं की हे आफ्रिकेतल्या कोरड्या मुलखातलं, जमिनीवर चालणारं कासव आहे आणि ते खूप वाढतं. हे सगळं नवऱ्यानं मला घरी येऊन सांगितलंसुद्धा, आणि सांगता सांगता ते काचेच्या टाकीत सोडलं. खाली रंगीत खडे, खड्यांवर पाणी, तोंड उत्तरेला. कासवानं तोंड फिरवलं की हा हातातलं काम टाकून उठायचा आणि त्याला पुन्हा उत्तरेला करायचा.

येणारे-जाणारे त्याच्या पाठीवर हळदी-कुंकू वाहायचे. देवीपुढच्या दगडी कासवाला करतात तसं याच्याही पाठीला हात लावून तो हात छातीला लावायचे. शेजारच्या काकू तर त्याच्यापुढं बसून रडल्या होत्या. "कसं ध्यान लावलंय बघा," म्हणाल्या. त्याचे डोळे सुजून मिटले होते.

मी शाळेत शिकवते. सकाळी शाळेला जायच्या आधी आणि आल्यावर मी त्याला टाकीतून काढून, पुसून गच्चीवर सोडायची. एप्रिलमध्ये इथं माणसं डोक्याला ओलं फडकं बांधून फिरतात. हे मात्र तापलेल्या गच्चीवर मान लांब करून, पाय खटाखट टाकत चालायचं, आणि त्या घरात मला तेवढा एकच प्राणी अकलेनं वागतोय असं वाटायचं. मला त्याचा लळा लागला होता. हे घरात बोलून दाखवायची सोय नव्हती.

वाढत वाढत ते जेवणाच्या ताटाएवढं झालं. टाकीत त्याला वळताही येईना. नवरा खूश. ते वाढतंय म्हणजे धंदा वाढतोय. एका सकाळी त्याच्या नाकातून बुडबुडे यायला लागले आणि त्यानं खाणं सोडलं. सोलापूरच्या जनावरांच्या डॉक्टरांनी बघितलं आणि मलाच झापलं. पाणी बंद. कोरडी माती, ऊन, चालायला ऐसपैस जागा, आणि थंडीत एक विशिष्ट दिवा. नाही तर महिनाभरात जाईल, म्हणाले.

मी हॉलमधला दिवाण रिकामा केला. त्यातल्या गोधड्या आणि लग्नात आलेली, कधीच न वापरलेली भांडी माळ्यावर टाकली. दिवाणाचे पाय काढले, वरच्या फळ्या काढल्या, आत ताडपत्री अंथरली आणि वाळू मिसळलेली माती भरली. एका बाजूला शहाबादी फरशी, तिच्यावर दिव्याची ऊब धरून राहील म्हणून. दुसऱ्या बाजूला फुटका माठ आडवा पुरला, आत शिरून झोपायला. हराळीची मुळं आणून लावली. हे सगळं आतल्या खोलीत, दक्षिणेच्या खिडकीखाली, कारण हिवाळ्यात आमच्याकडं ऊन तेवढ्याच खिडकीतून येतं.

नवरा दारात उभा राहून बघत होता. माती उचलायला हात लावला नाही.

"आता पाहुण्यांनी बसायचं कुठं?"

दोन चहा झाल्याशिवाय न हलणाऱ्या पाहुण्यांची मला काही काळजी नव्हती. "खाली बसतील," मी म्हणाले.

"आन् दक्षिणेला? यमाच्या दिशेला लक्ष्मी ठेवतीस व्हय?"

"अहो, तुमच्या लक्ष्मीचं नाक गळायला लागलंय. ऊन कुठून येतं ते बघा."

तो वास्तुवाल्याला घेऊन आला. या गृहस्थांनी होकायंत्र काढलं. स्वतःच्या मोबाइलच्या कव्हराला लोहचुंबक आहे हे त्यांच्या गावीही नव्हतं. हातातल्या मोबाइलशेजारी होकायंत्र धरून ते घरभर फिरले. शेवटी म्हणाले, उत्तरेला पितळी कासव पाण्यात ठेवा, दोष जाईल. नवऱ्यानं संध्याकाळी दुकानातलं कासव आणून मांडलं. मला वाटलं, सुटलो. मूर्खांच्या हातून का होईना, सुटलो.

दिवा येईपर्यंत मी त्याला टाकीतच, पण कोरडं ठेवलं होतं; दोन-तीन दिवसांत बुडबुडे थांबले. त्यानं निवडुंगाचा तुकडा खाल्ला. रविवारी मी सोलापूरला दिवा आणायला गेले. परतताना एसटीत खोकं मांडीवर धरून बसले होते आणि फार दिवसांनी आनंदात होते.

घरी आले तर टाकी रिकामी. दिवाणातली माती तशीच, सपाट.

"सोडलं त्याला," नवरा म्हणाला. "वास्तुवाले म्हणले, एका घरात दोन कासवं चालत न्हायीत. जिवंत हाय ते पाण्यात सोडा, लई पुण्य लागतंय. साठवण तलावावर गेलो सगळे. हार घातला, कुंकू लावलं."

त्यानं मोबाइल माझ्यापुढं धरला. व्हिडिओत चारपाच जण जयजयकार करत होते. नवऱ्यानं दोन्ही हातांनी कासव पाण्यावर धरलं आणि सोडलं.

"बघ कसं सरळ खाली गेलं! एकदाबी वर आलं न्हाय, इतकं खूश!"

मी बघितलं. वरचं पाणी स्वच्छ होतं. खाली जाताना त्याचे चारही पाय हलत होते, गच्चीवर हलायचे तसेच. ते चालायला बघत होतं.

"त्याला पोहता येत नव्हतं," मी म्हणाले. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही, म्हणून पुन्हा म्हणाले.

"कासवाला?" नवरा म्हणाला. तो खूप हसला, आणि मग तो व्हिडिओ त्यानं पुण्याच्या बहिणीला पाठवला.