फर्नांडिससाहेबांचं घमेलं

साइटवरचे किस्से मुद्दाम साठवावे लागत नाहीत. वाळूसारखे बुटात शिरतात आणि घरी गेल्यावर टोचायला लागतात! नव्वदच्या दशकात लोणी देवकरला एका कारखान्याचं बांधकाम चाललं होतं, मी तिथं सुपरवायझर. माझ्या बुटातले निम्मे किस्से एकाच वस्तूचे आहेत. घमेल्याचे!

*

कंपनीचे इंजिनियर फर्नांडिससाहेब मूळचे गोव्याचे. पोर्तुगीज शाळेत शिकलेले, फ्रेंचही येणारे. पहिल्याच दिवशी मी ओरडलो, "अरे, घमेली कमी पडताहेत!" साहेब शिडीवरून जवळजवळ उडी मारूनच खाली आले.

"काय म्हणालात? घमेलं? अहो, हा तर पोर्तुगीज 'गामेला'! जनावरांना खायला घालायची लाकडी परात! स्पेनमध्ये गामेया, इटलीत सैनिकाचं जेवणाचं भांडं गामेल्ला, फ्रान्समध्ये गामेल! मूळ लॅटिन!"

माझ्या अंगावर काटाच आला. रोज पायानं ढकलायची वस्तू चार देश फिरून आलेली!

*

ही बातमी सांगायला आम्ही दोघं धावतच बिगारी बायकांकडे गेलो. त्यांच्या म्होरक्या शेवंताबाई, नरसिंहपूरकडच्या. साहेबांनी पोर्तुगाल, स्पेन, इटली, फ्रान्स सगळं एका दमात सांगितलं. बाईंनी माल भरलेलं घमेलं डोक्यावर चढवलं नि विचारलं, "तितं बी बायकाच उचलत्यात का?"



*

शेवंताबाईंचा नातू सहा महिन्यांचा. सून माल वाहायची आणि तो घमेल्यात गोधडीवर झोपायचा. ऊन सरकलं की बाई घमेलं ओढून सावलीत न्यायच्या. एप्रिलात दुपारी सावलीच उरेना, पोराला ताप भरला. बाई ठेकेदार तात्यांकडे गेल्या.

"तात्या, लेकरांवर एक ताडपत्री तरी टाका. चार पोरं उन्हात हायती."

"स्लॅब पडू द्या की! मग सावलीच सावली!" तात्या हसले.

मला त्यांचा भयंकर राग आला. पण मी त्यांचाच नोकर होतो.

*

त्याच आठवड्यात तात्या पालथ्या घमेल्याला अडखळून सपशेल तोंडावर पडले. फर्नांडिससाहेब आनंदानं ओरडले, "असं पडलं ना, की फ्रेंच माणूस म्हणतो, यानं गामेल उचललं!"

खालून आवाज आला, "सायेब, आदी मला उचला!"

*

स्लॅबच्या दिवशी तात्यांनी नारळ फोडायला पुण्याहून कंपनीचे मोठे साहेब बोलावले. त्यांच्यासाठी छोटा रंगीत मांडव, खुर्च्या, सरबत. पोरं उन्हातच. नारळ फुटला, मिक्सर फिरला, बघता बघता अर्धा स्लॅब झाला. स्लॅब एकदा सुरू केला की मध्येच थांबवता येत नाही. सांधा राहतो, पुढं गळतो. हे माझ्याइतकंच शेवंताबाईंनाही ठाऊक!

बाईंनी घमेलं पालथं घातलं आणि त्यावर बसल्या. मागोमाग तीस बायका, तीस घमेली!

तात्या घामाघूम. "अगं, माल सुकतोय! काय पायजे तुमाला?"

"सावली."

"आत्ता कुठनं आणू?"

बाईंनी मांडवाकडं बोट दाखवलं.

तात्या काही बोलायच्या आत फर्नांडिससाहेबांनी पहिला खांब स्वतः उपटला! दहा मिनिटांत मांडव पोरांवर उभा राहिला, बायका उठल्या, आणि मी चक्क शिट्टी मारली. नोकरी गेली तर गेली!

मोठे साहेब मात्र रणरणत्या उन्हात, खुर्चीवर. थोडा वेळ त्यांनी रुमालानं टक्कल पुसलं. मग इकडंतिकडं बघून शेजारचं एक रिकामं घमेलं उचललं आणि डोक्यावर धरलं.

शेवंताबाई माल न्यायला तिथूनच चालल्या होत्या. त्या थांबल्या, डोक्यावरची कापडाची चुंबळ काढली आणि त्यांच्यापुढं धरली.

"घ्या सायेब. टोचत न्हाय मग."